जुनी गाडी: ठेवायची की काढायची?

मुंबईच्या ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी नोंदवली गेली. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे, त्यामुळे ऑक्टोबर २०२३ संपता संपता काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून अधिकृतपणे गेली. तिकडे अमेरिकेत अर्व्ह गॉर्डन या विज्ञानशिक्षकांनी १९६६ साली घेतलेली व्होल्वो पी-१८०० मोटार २०१३ पर्यंत ३० लाख मैल, म्हणजे जवळपास ४८ लाख किलोमीटर चालवली. एक गाडी नियमाने थांबली, दुसरी मालकाच्या शिस्तीमुळे चालत राहिली. त्यामुळे ‘गाडी किती वर्षं टिकते?’ या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर देता येत नाही. आपल्या दारातली गाडी अजून किती चालेल हे मात्र नीट तपासलं तर बऱ्यापैकी ठरवता येतं.

हा निर्णय मध्यमवर्गीय घरात लहान नसतो. घराखालोखाल मोठी खरेदी बहुधा गाडीचीच. धडधाकट गाडी घाईने काढली तर पाच वर्षं हप्ते मानेवर बसतात. धोक्याची गाडी मायेपोटी ठेवली तर घरातली माणसं रोज तिच्यात बसतात. दोन्ही चुका टाळता येतात. त्यासाठी एकच सूत्र लक्षात ठेवा: पैशाने न सुटणारे प्रश्न आधी तपासा, पैशाने सुटणारे नंतर. पुष्कळ लोक हे उलटं करतात. क्लच, एसी आणि रंगावर चाळीस-पन्नास हजार घालतात आणि मग गाडी लिफ्टवर चढल्यावर कळतं की खालचा पत्रा सडलाय. म्हणून पुढच्या पायऱ्या आहेत त्याच क्रमाने करा.

आधी एक गोष्ट: वर्षं मोजायची की किलोमीटर?

‘एक लाख किलोमीटर झाले, आता इंजिन बसणार’ हा जुना ठोकताळा आजच्या गाड्यांना लागू पडत नाही. वेळेवर तेल बदललेलं पेट्रोल इंजिन दोन लाख किलोमीटर सहज काढतं. टॅक्सीत चाललेली चांगली डिझेल इंजिनं त्याच्याही बरीच पुढे जातात. घरची गाडी मात्र वर्षाला सात-आठ हजार किलोमीटरच चालते. पंधरा वर्षांत तिचे सव्वा लाखही होत नाहीत. म्हणजे इंजिन अजून उमेदीत असतं, पण रबर कडक झालेलं असतं, पत्र्याने पंधरा पावसाळे पाहिलेले असतात आणि कागदांची मुदत संपत आलेली असते.

किलोमीटर कोणत्या रस्त्यावरचे, हेही पाहा. पुणे-सोलापूर महामार्गावरचे एक लाख आणि पुण्यातल्या सिग्नलांमधले एक लाख सारखे नसतात. शहरात क्लच, ब्रेक आणि स्टार्टर लवकर झिजतात. रोज दोन किलोमीटर जाऊन थांबणारी गाडी कमी चालते, पण इंजिन पुरतं तापतच नाही. तेलात ओलावा राहतो, सायलेन्सर आतून गंजतो. तेव्हा ‘कमी चाललेली’ याचा अर्थ ‘चांगली’ असा आपोआप होत नाही.

पायरी १: कागद

आरसी काढा आणि नोंदणीची मुदत कधी संपते ते पाहा. मोटार वाहन कायद्यानुसार खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर गाडी भंगारात काढावीच लागते, हा समज महाराष्ट्रापुरता चुकीचा आहे. आरटीओत तपासणी करून नोंदणी दर वेळी पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. गोंधळ झाला तो दिल्लीमुळे. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने बंदी घातली, २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली आणि नंतर तिच्यात बदलही झाले. तो आदेश त्या भागापुरता आहे.

नूतनीकरणासाठी ही तयारी लागते:

- अर्ज नमुना २५ मध्ये करायचा. मुदत संपण्याआधी साठ दिवसांपासून तो करता येतो. उशीर झाला तर महिन्यागणिक जादा शुल्क चढतं, आणि मुदत संपलेल्या नोंदणीवर गाडी रस्त्यावर आणता येत नाही.
- एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाचं शुल्क ५,००० रुपये झालं. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेनुसार २० वर्षांवरच्या मोटारीसाठी ते १०,००० रुपये आहे.
- महाराष्ट्रात १५ वर्षांवरच्या खासगी गाडीला पर्यावरण कर लागतो. तो पाच वर्षांचा एकदम भरायचा.
- विमा आणि पीयूसी चालू हवेत. बीएस-४ आणि त्यापुढच्या गाडीची पीयूसी वर्षभर चालते, त्याआधीच्या गाडीची सहा महिने.
- १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवलेली हवी.
- आरसीवर बँकेचा बोजा असेल तर कर्ज फिटलेलं असूनही तो आपोआप उतरत नाही. बँकेचं ना हरकत पत्र आणि नमुना ३५ देऊन तो आधी उतरवून घ्या.

सीएनजी गाडी असेल तर आणखी एक कागद पाहा. टाकीची दर तीन वर्षांनी दाबचाचणी करावी लागते आणि तिची तारीख टाकीवरच्या पट्टीवर असते. ती उलटून गेली असेल तर बाकी काही तपासण्याआधी ही चाचणी करून घ्या.

पायरी २: सांगाडा

इंजिन बदलता येतं, गिअरबॉक्स बदलता येतो, सांगाडा मात्र नाही. आजच्या बहुतेक मोटारींना वेगळी चॅसिस नसते. पत्र्याचा आख्खा डबाच गाडीचं वजन आणि अपघाताचा धक्का पेलतो. तो जागोजाग सडला की पैसे ओतूनही गाडी पूर्वीसारखी होत नाही. म्हणून जुन्या गाडीचं खरं वय तिच्या पोटाखाली कळतं.

अलिबाग, रत्नागिरी, मालवण, गोवा किंवा मुंबईचा समुद्रकिनारा, जिथे खारा वारा आहे तिथे गंज वेगाने चढतो. घाटाखालच्या मुसळधार पावसात चिखल पत्र्याच्या सांध्यांत साचून राहतो आणि आतून खातो. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत पत्रा टिकतो. तिथे ऊन रबर, बॅटरी आणि रेडिएटरचा जीव घेतं. त्यामुळे सारख्याच वयाच्या दोन गाड्यांत चंद्रपूरची गाडी पोटाखालून मालवणच्या गाडीपेक्षा बरीच तरुण निघू शकते.

गॅरेजमध्ये गाडी लिफ्टवर चढवायला सांगा आणि स्वतः टॉर्च घेऊन खाली उभे राहा. या जागा पाहा:

- दरवाज्यांच्या खालची लांब पट्टी, म्हणजे सिल. इथला गंज दरवाजा उघडला तरी दिसत नाही, खालूनच दिसतो.
- पुढच्या-मागच्या शॉकॲब्सॉर्बरचा वरचा आधार आणि सस्पेन्शन जिथे बोल्टने पत्र्याला जोडलंय ती जागा.
- चाकांच्या कमानींची आतली बाजू.
- डिक्कीत स्टेपनी ठेवतात ती खळगी. मॅट उचलून पाहा. पाणी किंवा ओलसर वास आला तर कुठून तरी गळती आहे.
- ब्रेकचे धातूचे पाइप आणि इंधनटाकीचे सांधे.
- पायाखालचा पत्रा, मॅट आणि फोम उचलून.

स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोकून, मग टोकाने दाबून पाहा. खणखणीत आवाज आला तर पत्रा शाबूत. बद्द आवाज आला, पापुद्रे गळाले किंवा टोक आत गेलं तर पत्रा गेला. वरवरचा तांबूस गंज घासून, प्रायमर आणि कोटिंग मारून थांबवता येतो. दरवाज्याची खालची कड किंवा फेंडर सडला तर तो बदलता येतो. पण सिल, सस्पेन्शनचे आधार किंवा पायाखालचा पत्रा आरपार सडला असेल तर इथेच थांबा. वरून पत्र्याचा तुकडा वेल्ड करून, पुट्टी भरून, काळं कोटिंग मारलं की ते दिसायला ठीक होतं. धडकेच्या वेळी मात्र तो भाग भार पेलत नाही. अशा गाडीवर पुढे एक रुपयाही घालू नका.

पुराच्या पाण्यात उभी राहिलेली गाडी याच यादीत येते. २०१९ चा सांगली-कोल्हापूरचा आणि २०२१ चा चिपळूणचा पूर आठवा. पाणी डॅशबोर्डपर्यंत चढलं असेल तर वायरिंगचे जोड वर्षानुवर्षं आतून गंजत राहतात आणि आज एक, उद्या दुसरं असं बिघडत जातं. जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनी सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून पाहावा. टोकाला चिखलाची रेघ दिसली तर त्या गाडीचा नाद सोडावा.

पायरी ३: सुरक्षितता

गाडी उत्तम चालते, गंज नाही, मग अडचण काय? अडचण तिच्या जन्मसालात असू शकते. आपल्याकडे सर्व नव्या मोटारींना एबीएस एप्रिल २०१९ पासून आणि चालकाची एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. पुढच्या दोन्ही आसनांना एअरबॅग तर २०२२ च्या सुरुवातीपासून आल्या. धडक-चाचणीचे नियम सर्व मोटारींना लागले ऑक्टोबर २०१९ मध्ये. म्हणजे २०१० च्या सुमाराची छोटी मोटार, तीही खालच्या श्रेणीची, यांपैकी बहुधा काहीच देत नाही. आणि या गोष्टी गॅरेजमध्ये मागाहून बसवता येत नाहीत.

म्हणून गाडी कुठे आणि कोण चालवतं हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारा. तालुक्याच्या गावात बाजारहाट, दवाखाना, शाळा एवढ्यासाठी चाळीसच्या वेगाने फिरणारी जुनी गाडी आणि दर शनिवारी मुलांना घेऊन द्रुतगती महामार्गावर शंभरने जाणारी जुनी गाडी, यांत धोक्याचा फरक फार मोठा आहे. दुसऱ्या प्रकारच्या वापरासाठी मला पैशाचा हिशेब दुय्यम वाटतो. मागच्या सीटवर मुलं असतील आणि रोजचा रस्ता महामार्गाचा असेल, तर गाडी यंत्राने चांगली असूनही बदलण्याचा विचार करणं योग्य आहे.

गाडी ठेवणार असाल तर एवढं आजच करा:

- मागचे सीटबेल्ट सीटकव्हरखालून बाहेर काढा. झटक्याने ओढल्यावर अडकतात का पाहा. कडा उसवल्या असतील किंवा पट्टा अडकत नसेल तर बदला.
- टायरच्या बाजूवर चार आकडी तारीख असते. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी पाच-सहा वर्षांनंतर रबर कडक होतं आणि ओल्या रस्त्यावर पकड सुटते. भेगा दिसल्या तर वाट पाहू नका. स्टेपनीचीही तारीख बघा.
- ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. ते साधारण दर दोन वर्षांनी बदलायचं असतं, पण जुन्या गाड्यांत वर्षानुवर्षं कोणी हात लावत नाही. आंबोली किंवा कुंभार्ली घाट उतरताना सतत ब्रेक दाबला की तेच तेल उकळतं आणि पाय खाली जातो. उतारावर खालच्या गिअरमध्ये चालवण्याची सवय हा त्याचा दुसरा अर्धा उपाय.
- हेडलाइटच्या काचा पिवळ्या पडल्या असतील तर घासून घ्या किंवा बदला. रात्रीच्या प्रवासात हा खर्च लगेच वसूल होतो.

पायरी ४: यंत्र

आता इंजिनाकडे वळा. इथले बहुतेक प्रश्न पैशाने सुटतात, फक्त किती पैशाने हे कळायला हवं. सकाळी, गाडी रात्रभर थंड असताना तपासणी सुरू करा. गरम इंजिन पुष्कळ दोष लपवतं.

धुराचा रंग पाहा. चालू केल्यावर आणि रेस दिल्यावर निळसर धूर आला तर तेल जळतंय. काळा धूर म्हणजे इंधन जास्त जातंय. हे बहुधा फिल्टर, सेन्सर किंवा इंजेक्टरचं काम, म्हणजे तुलनेने स्वस्त. सकाळची थोडी वाफ साहजिक आहे, पण इंजिन तापल्यावरही दाट पांढरा, गोडसर वासाचा धूर येत राहिला तर कूलंट जळतंय. तेव्हा हेड गॅस्केट तपासा. तेलाच्या झाकणाखाली दुधाळ साय हेही त्याचंच लक्षण असू शकतं. पावसाळ्यात फक्त छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत मात्र ती नुसत्या ओलाव्यानेही येते. म्हणून एका खुणेवर निकाल देऊ नका.

तेलाची काडी दर हजार किलोमीटरला पाहा आणि लिहून ठेवा. हजार किलोमीटरला लिटरभर तेल घालावं लागत असेल तर इंजिन काम जवळ आलं आहे.

त्यानंतर कॉम्प्रेशन मोजून घ्या. ही चाचणी फार महाग नसते, तरी फारच थोडे लोक ती करून घेतात. सगळ्या सिलिंडरांचे आकडे एकमेकांच्या जवळ हवेत. एखादा दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त खाली असेल तर पेट्रोल इंजिनाच्या त्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल घालून पुन्हा मोजायला सांगा. आकडा वर आला तर रिंगा झिजल्या आहेत. आला नाही तर दोष व्हॉल्व्हकडे किंवा गॅस्केटकडे आहे. ‘इंजिन खोलून बघू’ असं कोणी म्हटलं तर आधी हे आकडे मागा.

टायमिंग बेल्ट असलेल्या गाडीत, उदाहरणार्थ जुनी सँट्रो किंवा मारुती ८००, बेल्ट कधी बदलला याची नोंद नसेल तर तो बदलूनच घ्या. चालत्या गाडीत बेल्ट तुटला की पुष्कळ इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, आणि काही हजारांच्या कामाचं इंजिन काम होतं.

रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी घालण्याची सवय मोडा. त्यातले क्षार आत बसतात, नळ्या चोंदतात आणि मेच्या उन्हात काटा वर चढतो. तयार कूलंट वापरा. काटा लाल रेषेकडे गेला तर गाडी तिथेच थांबवा. ‘घर जवळच आहे’ म्हणून चालवलेले शेवटचे दोन किलोमीटर हेड वाकवतात.

पेट्रोलमधलं २० टक्के इथेनॉल हा आता जुन्या गाड्यांच्या मालकांचा नेहमीचा प्रश्न झाला आहे. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्या त्याला अनुकूल बनवलेल्या आहेत. त्याआधीच्या गाडीत इंधनाचे रबरी पाइप, सील आणि गॅस्केट लवकर झिजू शकतात, ॲव्हरेजही थोडं कमी होतं. सर्व्हिसिंगच्या वेळी हे पाइप वाकवून पाहायला सांगा आणि चिरा दिसल्या तर ते बदला. त्यापायी गाडी काढायची गरज नाही.

क्लच, शॉकॲब्सॉर्बर, बुश, बॉल जॉइंट, व्हील बेअरिंग, अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर हे सगळे झिजणारे भाग. हे सगळे एकदम आले की बिल डोळ्यांत भरतं, पण प्रत्येक भाग बदलला की काही वर्षं स्वस्थता देतो. त्यामुळे असं बिल आलं म्हणजे गाडी संपली, असं नाही. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मात्र वेगळा. त्याच्या दुरुस्तीचा आकडा लेखी घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

सुटे भाग मिळतात का, हाही प्रश्न इथेच विचारा. शेवरोलेची भारतातली विक्री २०१७ अखेर थांबली आणि फोर्डने २०२१ साली इथलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा गाड्यांचे फिल्टर, ब्रेक पॅड मिळतात. अडचण येते ती सेन्सर, हेडलाइट, पत्र्याचे भाग यांची. जिचा भाग महिनाभर येत नाही ती गाडी कागदोपत्री स्वस्त असली तरी रोजच्या उपयोगाची नाही. याउलट ज्या गाडीचा जवळपास प्रत्येक भाग जिल्ह्याच्या गावी मिळतो, तिचं आयुष्य आपोआप वाढतं.

शेवटी मिस्त्रीकडून एक कागद लिहून घ्या. त्यात तीन रकाने असू द्या: लगेच करायची कामं, सहा महिन्यांत करायची कामं, नाही केली तरी चालतील अशी कामं. असाच कागद दुसऱ्या गॅरेजमधूनही घ्या. दोन्हींत सारखी आलेली कामं खरी धरा.

पायरी ५: हिशेब

‘सव्वा लाखाच्या गाडीवर साठ हजार कशाला घालायचे? चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!’ असं कोणीतरी म्हणतंच. ऐकायला पटतं, पण ही तुलना चुकीची आहे. दुरुस्तीचं बिल गाडीच्या विक्रीकिमतीशी ताडायचं नसतं. ते पुढच्या गाडीच्या वर्षाच्या खर्चाशी ताडायचं असतं. कारण जुनी गाडी विकली तरी तुम्हाला गाडी लागणारच आहे.

उदाहरण घेऊ. समजा नवी गाडी रस्त्यावर येईपर्यंत ८ लाखांना पडते. त्यातले ६ लाख ९ टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी घेतले आणि पाच वर्षांनी ती ४ लाखांना विकली जाईल असं धरलं. मग वर्षाचा खर्च असा:

- किमतीतली घट: ८०,००० रुपये
- व्याज: सुमारे २९,५०० रुपये (हप्ता साधारण १२,४५५ रुपये)
- विमा: २०,००० रुपये
- सर्व्हिसिंग: ८,००० रुपये
- एकूण: १,३७,५०० रुपये

जुनी गाडी लिटरला १३ किलोमीटर देते, नवी १८ देईल, पेट्रोल १०५ रुपये आणि वापर वर्षाला ८,००० किलोमीटर, असं धरलं तर इंधनात सुमारे १८,००० रुपये वाचतील. म्हणजे नव्या गाडीचा निव्वळ भार १,१९,५०० रुपये. जुन्या गाडीची वर्षाची घट आणि विमा मिळून १५,००० धरले, तरी तिच्या देखभालीवर आणि दुरुस्तीवर वर्षाला लाखभर रुपये खर्च होईपर्यंत पारडं जुन्या गाडीकडेच राहतं. साठ हजारांचं बिल आता तेवढं वेडेपणाचं वाटत नाही, कारण त्यातला क्लच आणि सस्पेन्शन पुढची तीन-चार वर्षं चालणार आहेत.

वापर वाढला की चित्र बदलतं. वर्षाला २५,००० किलोमीटर चालत असेल तर इंधनातली बचत सुमारे ५६,००० रुपयांवर जाते आणि लाखभराची ती दुरुस्तीची मर्यादा ६६,५०० रुपयांपर्यंत खाली येते. हे आकडे उदाहरणाचे आहेत. आपल्या गाडीचे, आपल्या गावच्या पेट्रोलचे आणि आपल्या बँकेच्या व्याजाचे आकडे घालून हाच हिशेब वहीत करा. एका वर्षाच्या बिलावर न जाता मागच्या तीन वर्षांची सरासरी घ्या.

हिशेबात दोन गोष्टी आणखी धरा. पहिली, विमा. पाच वर्षांवरच्या गाडीची विमा किंमत कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते. दुरुस्तीचा खर्च तिच्या ७५ टक्क्यांवर गेला तर गाडी पूर्ण निकामी धरली जाते. म्हणजे जुन्या गाडीला मध्यम धडकही शेवटची ठरू शकते. दुसरी, भरवसा. रात्री-बेरात्री दवाखान्यात जावं लागणारं माणूस घरात असेल, तर ‘सुरू होईल ना?’ ही धास्ती रुपयांत मोजता येत नाही, पण तिचं वजन निर्णयात असलंच पाहिजे. वर्षात दोन-तीनदा गाडी रस्त्यात बंद पडली आणि दर वेळी कारण वेगळं निघालं, तर हिशेब काहीही सांगो, वेळ जवळ आली आहे असं समजा.

नवीच गाडी हवी असंही नाही. तीन-चार वर्षं वापरलेल्या गाडीच्या किमतीतली मोठी घट पहिल्या मालकाने सोसलेली असते. २०२२ नंतरची निवडली तर पुढच्या दोन्ही एअरबॅग आणि एबीएस मिळतात. पुष्कळ घरांसाठी हाच मधला मार्ग सर्वांत शहाणपणाचा असतो.

ठेवायची ठरली तर

नूतनीकरण झालं की पाच वर्षं मिळतात. पहिल्याच वर्षी राहिलेली कामं उरका: सगळे पट्टे आणि रबरी पाइप, कूलंट, ब्रेक ऑइल, गिअर ऑइल, टायर. दर पावसाळ्यानंतर पोटाखालून पाणी मारून चिखल काढा, दरवाज्यांच्या खालची पाणी वाहून जायची भोकं मोकळी करा आणि मगच कोटिंग मारा. ओल्या किंवा गंजलेल्या पत्र्यावरचं कोटिंग गंजाला आत कोंडून ठेवतं. गाडी कमी चालत असली तरी तेल वर्षातून एकदा बदला. आठवड्यातून एकदा अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर चालवा. गाडीसाठी वेगळी वही ठेवा आणि तीत तारीख, किलोमीटर, काम, रक्कम लिहा. ही वही पुढच्या वर्षीचा निर्णयही सोपा करते आणि विकताना किंमतही टिकवते.

काढायची ठरली तर

सांगाडा चांगला असेल तर विका. सडलेला असेल तर कोणाच्या गळ्यात मारू नका, मोडीत काढा.

विकताना नमुना २९ आणि ३० वर सह्या करून थांबू नका. आरसीवर नाव बदललं की नाही याचा पाठपुरावा करा. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केलं की नोंदणीत ज्याचं नाव तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार. विकलेल्या गाडीचं नाव बदललं नसेल तर ती जबाबदारी तुमच्यावर येऊ शकते. ताबा दिल्याची तारीख आणि वेळ लिहून दोघांच्या सह्या घ्या, खरेदीदाराच्या ओळखपत्राची प्रत ठेवा आणि फास्टॅग बंद करा. नो क्लेम बोनस गाडीसोबत जात नाही, तो मालकाचा असतो; विमा कंपनीकडून त्याचं पत्र घेतलं तर नव्या गाडीच्या विम्याच्या हप्त्यात सूट मिळते.

मोडीत काढताना गल्लीतल्या भंगारवाल्याला देऊ नका. तुमचा चॅसिस नंबर दुसऱ्याच गाडीवर फिरू शकतो आणि तुमच्या नावाची नोंदणी चालूच राहते. सरकारमान्य नोंदणीकृत वाहन मोडणी केंद्रातच द्या. तिथे मिळणारं ठेव प्रमाणपत्र दाखवलं की नव्या गाडीचं नोंदणी शुल्क माफ होतं. केंद्र सरकारच्या नियमांत खासगी गाडीला मोटार वाहन करात २५ टक्क्यांपर्यंत सवलतीची तरतूद आहे. आपल्या राज्यात सध्या किती मिळते ते खरेदीआधी आरटीओत विचारा. गाडीची नोंदणी रद्द झाल्याची खातरजमाही करून घ्या.

निर्णय गाडी चालू असतानाच घ्या

रस्त्यात बंद पडलेल्या गाडीशेजारी उभं राहून घेतलेला निर्णय बहुधा महागात पडतो. अशा वेळी माणूस एक तर मिळेल त्या भावाने विकतो, नाही तर मिस्त्री सांगेल ते काम करतो. म्हणून गाडी आज व्यवस्थित चालत असतानाच दोन गोष्टी वहीच्या पहिल्या पानावर लिहा: वर्षाला जास्तीत जास्त किती रुपये दुरुस्तीवर घालणार, आणि कोणता दोष निघाला तर एक रुपयाही न घालता थांबणार. घरातल्या सगळ्यांना ते वाचून दाखवा. मग बिल कितीही अचानक आलं, तरी उत्तर तुमच्याकडे आधीच तयार असेल.